शाळेतल्या मैत्रिणीकडे कोरियाला: चुसॉक आणि कोजागिरी एकाच रात्री

रंकाळ्याकाठची (१६ ऑक्टोबर २०२५)

नमस्कार मंडळी. सोमवारी कोरियाहून परत आले. अजून सामान नीट लागलेलं नाही, पण डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून टाकते.

आम्ही तिघी कोल्हापूरच्या एकाच मराठी शाळेतल्या, दहावी १९९९. एक गेली ११ वर्षं दक्षिण कोरियात सुवॉनला इंजिनीअर आहे, एक मेलबर्नला असते, मी कोल्हापुरातच. तिघी एकत्र अशा शेवटच्या भेटलो २००६ साली, माझ्या लग्नात. व्हॉट्सॲपवर रोजचं बोलणं असतं. पण एका खोलीत तिघी बसून १९ वर्षं झाली होती, आणि यंदा ठरवलं की आता नाही तर कधीच नाही.

सुवॉनवालीला मोठी सुट्टी एकच, चुसॉकची. चुसॉक म्हणजे चांद्र कालगणनेतल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा. नवं पीक, पूर्वजांचं स्मरण आणि घरी परतणं, हे सगळं त्या एका सणात. यंदा तो ६ ऑक्टोबरला आला, आणि पुढेमागे सुट्ट्या जोडून ३ ते ९ असा सबंध आठवडा मिळाला. कालनिर्णय उघडून पाहिलं तर ६ ऑक्टोबरला आपली कोजागिरी! मग तारखांचा विचारच करावा लागला नाही. दसऱ्याचं सोनं मुंबईत भावाकडे लुटलं, आपट्याची पानं तिथेच ठेवली (झाडपाला नेता येत नाही, फळं आणि मांसाचे पदार्थही नाहीत) आणि त्याच रात्री निघाले.

पहिल्या संध्याकाळचं खरं सांगते. आम्ही तिघी फार सभ्य वागलो. मुलांचं शिक्षण, घराचे हप्ते, आईवडिलांची दुखणी. सुवॉनवालीनं मला पाण्याचा पेला दिला तो उजव्या हातानं, डावा हात कोपराखाली धरून. मी बघतच राहिले. आपण देवळात तीर्थ घेतो तसा हात! तिला विचारलं तर म्हणाली, "अगं, सवय झालीय. इथं मोठ्यांना असंच देतात, आता हात आपोआप जातो." तेव्हा जाणवलं की ११ वर्षं म्हणजे काय. जी वर्गात माझ्या दप्तरातनं न विचारता डबा काढायची, तिच्या हातात एक अख्खा देश शिरला होता.

५ तारखेला दुपारी गाठ सुटली. तिच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. तिथे आजीला हाल्मोनी म्हणतात, मीही तेच लिहिते. त्यांनी आम्हाला सोंगप्यॉन करायला बोलावलं. तांदळाच्या पिठात उकळतं पाणी घालून मळलेला गोळा परातीत होता. मी हात लावला आणि ओरडलेच, "ही तर उकड!" तीच ऊब, बोटाला तोच ओलसर चिकटपणा. एक गोळा पांढरा, एक हिरवा. हिरव्यात सुक नावाचा, दवण्याच्या जातीचा पाला होता. सारण भाजून कुटलेल्या तिळाचं आणि साखरेचं. लिंबाएवढी गोळी घ्यायची, अंगठ्यानं खोलगट करायची, सारण भरून अर्धचंद्र मिटायचा. आपली करंजी, पण अंगठ्याएवढी आणि मुरड न घातलेली. मग चाळणीत पाइनच्या सुया अंथरून त्यावर वाफवायचे आणि निघाल्यावर तिळाच्या तेलाचा हात लावायचा. झाकण उघडल्यावर जो वास आला तो मला शब्दांत पकडता येत नाही. पावसात भिजलेलं जंगल आणि गणपतीतलं स्वयंपाकघर एकत्र, असं काहीतरी.

हाल्मोनी म्हणाल्या, सुबक सोंगप्यॉन करणारीला सुंदर मुलगी होते. मेलबर्नवालीला दोन मुलगे आहेत, तिनं तिचे सोंगप्यॉन पुढे केले आणि आम्ही सगळ्याच हसत सुटलो. मग मी एकाला पाकळ्या काढल्या आणि मोदक करून दाखवला. हाल्मोनींनी तो तळहातावर घेतला, फिरवून फिरवून पाहिला आणि काही न बोलता इतरांपासून वेगळा ठेवला. त्या दोन तासांत आम्ही तिघी पुन्हा नववी ब मधल्या झालो.

कोजागिरीला ढग होते. दूध आटवलं, केशर मी इथून नेलं होतं. साडेदहाच्या सुमारास ढगांत फट पडली आणि पाचेक मिनिटं चंद्र मिळाला. दुधात बघण्याएवढा.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन. प्रश्न विचारा.

---

घाटमाथा

सुंदर लिहिलंत ताई. व्हिसा, पैसे, फिरणं याबद्दल थोडं सांगाल का? माझाही बालमित्र सोलमध्ये आहे, आठ वर्षं "ये ये" म्हणतोय.

---

रंकाळ्याकाठची

भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागतो, के-ईटीए (व्हिसाऐवजी मिळणारी ऑनलाइन परवानगी) आपल्याला चालत नाही. मित्राकडे राहणार असाल तर त्याच्याकडून निमंत्रणपत्र आणि पत्त्याचा पुरावा वेळेत मागवा. उतरल्यावर टी-मनी कार्ड घ्या, मेट्रो आणि बस दोन्हींना चालतं. मात्र त्यात पैसे भरायला रोख वॉन जवळ असू द्या. गूगल मॅप चालत जायचा रस्ता तिथे नीट दाखवत नाही, नेव्हर मॅप उतरवून घ्या.

एक महत्त्वाचं. चुसॉकच्या आसपास सोलबाहेर जायचा बेत करू नका. गणपतीत कोकण रेल्वेचं जे होतं तेच तिथे केटीएक्स या वेगवान रेल्वेचं होतं. आरक्षण उघडतं आणि बघता बघता संपतं. आम्हाला बुसानला जायचं होतं, ते राहिलं ते राहिलंच.

---

शिरवळ

माझा प्रश्न वेगळा आहे. शाळेतले मित्र प्रेमानं बोलावतात, पण इतक्या वर्षांनी एखाद्याच्या घरी दहा दिवस राहणं जड नाही का जात? त्यांची घरं लहान असतात, नोकऱ्या असतात. मी दोनदा तिकीट काढता काढता थांबलोय.

---

रंकाळ्याकाठची

@शिरवळ, जड जातं, आणि ते आधीच बोलून घेतलं तर जात नाही. आम्ही निघण्याआधी फोनवर तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, किराणा आणि बाहेरचं खाणं आम्ही दोघी बघणार. दुसरी, दहातले दोन दिवस तिला पूर्ण मोकळे, आम्ही आमच्या भटकणार. तिसरी तिनं सांगितली, "माझ्या घरात मला पाहुणचार करायला लावू नका." सकाळचा चहा मी करायचे, भांडी मेलबर्नवाली घासायची. तिला ११ वर्षांत सकाळी कुणी आयता चहा हातात दिला नव्हता म्हणे. हे सांगताना तिचे डोळे भरले, आणि मला वाटलं आपण फार उशिरा आलो.

तिकीट काढा. ४२ व्या वर्षी जे गुडघे आहेत ते ५५ ला नसतील.

---

पातोळी

गोव्याहून लिहितेय. पाइनच्या सुयांवर वाफवणं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे नागपंचमीला पातोळ्यो करतात, हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून, आत गूळखोबरं, पान मिटून वाफेवर. ख्रिस्ती घरांत त्याच १५ ऑगस्टला, सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला होतात. पानाचा वास पिठात उतरला नाही तर ती पातोळीच नव्हे. त्या सुया नंतर चिकटत नाहीत का?

---

रंकाळ्याकाठची

चिकटतात ना! गार पाण्यात बुचकळून एकेक सुई हातानं काढायची. हाल्मोनींच्या बोटांना ते बघायचीही गरज लागत नव्हती. पिठावर सुयांच्या बारीक रेघा राहतात, त्या राहू द्यायच्या. "सोंग" म्हणजेच पाइन, नावच त्यावरून आहे.

---

बुसानकर

मी सहा वर्षं बुसानला आहे, मूळचा अमरावतीचा. तुमची गाडी चुकली याची हळहळ वाटली, कारण बुसानच्या शेजारी गिम्हे आहे. तिथे राजा सुरोची आणि जरा अंतरावर त्याच्या राणीची समाधी आहे. तेराव्या शतकातल्या "सामगुक युसा" या ग्रंथात कथा आहे की ही राणी, हो ह्वांग-ओक, इसवी सन ४८ मध्ये "आयुता" नावाच्या दूरच्या राज्यातून समुद्रमार्गे आली. आयुता म्हणजे अयोध्या असं अनेक जण मानतात, अयोध्येत तिचं स्मारकही २००१ मध्ये उभं राहिलं. ही दंतकथा आहे, इतिहासाचा पुरावा म्हणून मी ती मांडत नाही. पण इथले गिम्हे किम आणि हो कुळातले लोक स्वतःला तिचे वंशज मानतात. माझ्या कार्यालयातले एक किम साहेब पहिल्या दिवशी माझ्याशी हात मिळवून म्हणाले, "आपण नातेवाईक निघू." परक्या गावात पहिल्याच दिवशी हे ऐकलं तेव्हा मला काय वाटलं असेल याची कल्पना करा.

शाकाहारी मंडळींसाठी: इथल्या बहुतेक किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो आणि सूपचं पाणी सुक्या माशांचं असतं. भाजी दिसते म्हणून खाऊ नका, विचारा. निश्चिंत खायचं तर मंदिराचं जेवण शोधा. बौद्ध मठांच्या स्वयंपाकात मांस तर नाहीच, शिवाय पाच उग्र वस्तू वर्ज्य: लसूण, कांद्याची पात आणि त्यांची दोन भावंडं, आणि पाचवी हिंग! हिंग कोरियात पिकतही नाही. भारतातून चीनमार्गे नियम आला आणि त्याच्याबरोबर हिंगाचं नावही आलं, "हंगो". आजीच्या चातुर्मासाची आठवण होते.

---

रंकाळ्याकाठची

हिंगाचं माहीत नव्हतं! फार आवडलं.

मी शाकाहारी आहे, त्यामुळे मलाही जपावं लागलं. ग्वांगजांग बाजारात एक दृश्य बघून थबकले. दुकानासमोर दगडी जातं फिरतंय आणि त्यातून भिजवलेल्या मुगाचं पीठ ओघळतंय. त्याचं जाड धिरडं, बिंदेत्तॉक, भरपूर तेलात कुरकुरीत तळतात. पण आत पुष्कळदा डुकराचं मांस असतं, म्हणून घेतलं नाही. मैत्रिणीनं घरी मूग भिजवून केलं. वर मोड आलेल्या मुगाची भाजी घालतात, तेवढाच फरक. होत्तॉक मात्र रस्त्यावर पोटभर खाल्ले. गुळासारखी साखर आणि दाणे भरलेली तव्यावरची पोळी. हात भाजेपर्यंत थांबवत नाही.

---

निवृत्त_सुभेदार

आपला धागा वाचला. आपण कोल्हापूरच्या, म्हणून लिहितो. कोरियन युद्धात १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतायला नकार देणारे २२ हजारांवर युद्धकैदी कुणी सांभाळायचे हा प्रश्न होता. ते काम भारतीय सैन्याकडे आलं. तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि प्रत्यक्ष कैद्यांची जबाबदारी असलेल्या कस्टोडियन फोर्सचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूर भागातले. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला नकार दिला होता. म्हणून आपल्या जवानांना इंचॉनजवळ जहाजावरून हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं. तिथल्या छावणीचं नाव होतं हिंद नगर. त्याआधी १९५० पासून लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स तिथे जखमींची सेवा करत होती.

ज्या इंचॉनला आपण विमानातून उतरलात, तिथे ७२ वर्षांपूर्वी आपल्या माणसांना उतरायची परवानगी नव्हती. आज आपली मुलगी तिथे इंजिनीअर आहे. वाचून फार बरं वाटलं.

---

रंकाळ्याकाठची

काका, तुमचा प्रतिसाद मी सकाळी बाबांना वाचून दाखवला. त्यांना थोरातांचं नाव माहीत होतं, हेलिकॉप्टरचं नव्हतं. मनापासून आभार.

---

ओवी_नाशिक

मी कॉलेजात आहे आणि मालिका बघून बघून कोरियन शिकायला लागले. लिपी खरंच सोपी आहे का? आणि हानबोक (तिथला पारंपरिक पोशाख) घालून राजवाडा पाहिलात का?

---

रंकाळ्याकाठची

ओवी, पाहिला. ग्योंगबोकगुंग, १३९५ सालचा. १५९२ च्या जपानी स्वारीच्या वेळी जळाला आणि पुढं पावणेतीनशे वर्षं तसाच पडून होता. १८६७ मध्ये पुन्हा उभा केला. हानबोक भाड्यानं मिळतो, आणि तो घातला की राजवाड्याचं तिकीट लागत नाही. शेजारच्या बुकचोनमध्ये जुनी लाकडी घरं बघायला जाशील तर लवकर जा. संध्याकाळी ५ नंतर काही गल्ल्यांत पर्यटकांना बंदी आहे, दंड होतो. लोक राहतात तिथं, त्यांनी कंटाळून हे करून घेतलं.

लिपीबद्दल लिहायचंच होतं. ९ ऑक्टोबरला हंगुल दिन. एका लिपीसाठी अख्ख्या देशाला सुट्टी! आम्ही ग्वांगह्वामुनला राजा सेजोंगच्या पुतळ्यापाशी गेलो होतो. त्यानं १४४३ मध्ये ही लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली, कारण चिनी अक्षरं शिकणं सामान्य माणसाला झेपत नव्हतं. दरबारातल्या विद्वानांनी विरोध केला, तरी त्यानं ऐकलं नाही.

आपल्याला ती लवकर का येते सांगते. आमच्या मराठीच्या बाई क वर्ग शिकवताना घसा धरून उच्चार करायला लावायच्या, त वर्गाला दातांवर जीभ. "जागा ओळखा, अक्षर विसरणार नाही." हंगुलमध्ये ती जागाच अक्षरात काढलेली आहे. "क" म्हणजे एक काटकोन, टाळूला टेकलेल्या जिभेच्या मागच्या भागाचा आकार. "म" म्हणजे चौकोन, मिटलेलं तोंड. "क" ला एक रेघ वाढवली की "ख". मग व्यंजन आणि स्वर एका चौकटीत बसवून अक्षर बनवायचं, आपल्या बाराखडीसारखं. सुवॉनवालीनं हे सगळं मला मेट्रोत तासाभरात शिकवलं आणि शेवटी म्हणाली, "बाईंना सांगायला हवं होतं गं." बाई २०१९ मध्ये गेल्या. पुढची दोन स्टेशनं कुणीच बोललं नाही.

एक चूक माझी झाली ती तू करू नकोस. शिकल्याच्या आनंदात मी हाल्मोनींना द्यायच्या लाडवांच्या डब्यावर त्यांचं नाव लिहिलं, हाताला लाल पेन लागलं ते घेऊन. मैत्रिणीनं झटकन डबा ओढला आणि कागद बदलला. जिवंत माणसाचं नाव तिथे लाल शाईनं लिहीत नाहीत, ते मृत्यूशी जोडलेलं आहे. आपल्याकडे लग्नपत्रिका लाल आणि कुंकू लाल, त्यामुळे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. तसंच भातात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, ते पितरांच्या पानासारखं दिसतं.

---

घाटमाथा

सुवॉनमध्ये काय पाहिलंत?

---

रंकाळ्याकाठची

ह्वासॉंग किल्ला, दोनदा. ५.७ किलोमीटरची तटबंदी शहराच्या अंगाभोवती आहे, तिच्यावरून पूर्ण फिरता येतं. राजा जोंगजोनं १७९४ ते १७९६ मध्ये बांधला. त्याचे वडील, युवराज सादो, यांना १७६२ मध्ये खुद्द जोंगजोच्या आजोबांनी, म्हणजे तेव्हाच्या राजानंच, तांदळाच्या पेटाऱ्यात कोंडून मारलं. तेव्हा जोंगजो लहान होता. गादीवर आल्यावर त्यानं वडिलांची समाधी सुवॉनजवळ हलवली आणि हे शहर वसवलं. तटावरून चालताना ती गोष्ट डोक्यातून जात नाही.

पण मला सर्वांत मोठी वाटली ती त्यांची वही. बांधकामाचा साद्यंत अहवाल त्यांनी छापून ठेवला: नकाशे, यंत्रांची चित्रं, दगड किती, कारागिरांची नावं, कुणाला किती मजुरी दिली. कोरियन युद्धात किल्ल्याची फार पडझड झाली, आणि १९७० च्या दशकात तो या अहवालावरून पुन्हा बांधला. १९९७ मध्ये जागतिक वारसा झाला. आपला पन्हाळा यंदा जुलैमध्ये बाकीच्या ११ किल्ल्यांबरोबर त्याच यादीत गेला, तेव्हा आम्ही कोल्हापुरात पेढे वाटले. पन्हाळ्याचा दगड घडवणाऱ्या एका तरी पाथरवटाचं नाव आपल्याला ठाऊक असतं तर, असं त्या तटावर फार वाटलं.

सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयालाही नक्की जा, कायमच्या दालनांना तिकीट नाही. एका अंधाऱ्या दालनात चिंतनात बसलेल्या दोनच बोधिसत्त्वांच्या मूर्ती आहेत, साधारण चौदाशे वर्षांपूर्वीच्या. एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर, उजव्या हाताची बोटं गालाला जेमतेम टेकलेली. आम्ही तिघी अर्धा तास उभ्या होतो.

---

बुसानकर

एक भर. इथे "चिंगू" म्हणजे मित्र, पण तो शब्द समवयस्कालाच. एखादं वर्ष मोठा असला तरी तो दादा, ताई. म्हणून ओळख झाल्या झाल्या जन्मसाल विचारतात, त्यावर बोलण्याचा सूर ठरतो. शाळासोबत्याला "दोंगचांग" म्हणतात. तुमच्या मैत्रिणीनं तुमची ओळख करून दिली असेल तेव्हा हाच शब्द वापरला असणार.

---

रंकाळ्याकाठची

हो! आणि तो ऐकल्यावर समोरच्या माणसाचा चेहरा प्रत्येक वेळी मऊ व्हायचा.

---

सुवॉनवाली

हिनं दुवा पाठवला म्हणून आजच सभासद झाले. मराठी टंकायची सवय गेली आहे, चुका पोटात घाला.

अगं, तुला एक सांगायचं राहिलं. चुसॉकच्या सकाळी तुम्ही दोघी झोपला होतात तेव्हा मी डबा परत द्यायला खाली गेले. हाल्मोनींचा मुलगा आला होता, चार्येचं पान मांडून झालं होतं. चार्ये म्हणजे सकाळी पितरांना नैवेद्य दाखवतात ते. सफरचंदं, नाशपाती, मासा, भाज्या, सगळं जागच्या जागी, मागे आजोबांचा फोटो. त्या पानावर काय ठेवायचं आणि कुठे याचे नियम फार कडक असतात गं, मुलगा तेच बघत होता. सोंगप्यॉनची रास होती आणि तिच्या टोकावर तुझा मोदक.

मुलानं विचारलं हे काय आहे. हाल्मोनी म्हणाल्या, "वरच्या मुलीची दोंगचांग आली आहे. तिच्या गावाकडं असा करतात."